सर्व्हिस डॉग, थेरपी डॉग, सपोर्ट अ‍ॅनिमल : नावं गुंतली की रिव्ह्यू फसतो

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा मी भलतीच खुशीत होते. विषय होता अपंगत्व असलेल्या व्यक्तींना मदत करणारे प्राणी आणि त्या व्यक्तींच्या रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम. लांबलचक तक्ता केला होता : लेखक, वर्ष, देश, नमुना, निष्कर्ष. आणि शेवटी एक वाक्य ठोकून दिलं होतं, ‘साहाय्यक प्राण्यांच्या परिणामांबाबत संशोधकांमध्ये एकवाक्यता आढळत नाही.’ असं वाक्य लिहिलं की आपण फार वाचलंय असं वाटतं.

आठवड्याने प्रकरण परत आलं. तक्त्याच्या समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला : ‘अगं, यातला प्रत्येक प्राणी नेमकं करतो काय?’

उत्तर लिहायला बसले आणि घाम फुटला. तक्त्यातल्या एका ओळीत अंध व्यक्तीला रस्त्यातून नेणारा कुत्रा होता. खालच्या ओळीत आठवड्यातून एकदा हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या वॉर्डात येऊन सगळ्यांकडून लाड करून घेणारा कुत्रा. त्याखाली घरातच राहणारी, कसलंही प्रशिक्षण नसलेली, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदलेली मांजर. हे सगळं मी एकाच पोत्यात भरलं होतं आणि वर तक्रार करत होते की एकवाक्यता नाही! कशी असेल?

तुम्ही सिनॉप्सिस लिहिण्याच्या तयारीत असाल तर तुमचा विषय प्राण्यांचा नसला तरी हा लेख वाचा. शब्द एकच आणि त्यामागच्या गोष्टी चार, हा गोंधळ प्रत्येक विषयात असतो. माझ्या विषयात तो जरा उघड्यावर दिसतो, एवढंच.

शब्द आले कुठून

सुरुवात अंध व्यक्तींच्या कुत्र्यांपासून झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत १९१६ साली ओल्डनबर्ग इथे कुत्र्यांना पद्धतशीर शिकवणारी शाळा निघाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाई तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांची पैदास आणि प्रशिक्षण करत होत्या. जर्मनीतलं काम पाहून त्यांनी १९२७ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहिला. तो टेनेसीमधल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणापर्यंत पोचला. फ्रँक स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन परतला आणि १९२९ मध्ये दोघांनी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था काढली.

आता गंमत बघा. ‘सीइंग आय डॉग’ हे त्या एका संस्थेच्या कुत्र्यांचं नाव आहे, नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. इतर संस्थांचे कुत्रे ‘गाइड डॉग’. पण बोलताना अमेरिकेत अनेकजण सगळ्यांनाच ‘सीइंग आय डॉग’ म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. जुन्या पेपरमध्ये हा शब्द दिसला तर तो संस्थेचं नाव म्हणून आलाय की सामान्य नाम म्हणून, हे पाहावं लागतं. ही पहिली ठेच.

मग ऐकू न येणाऱ्या व्यक्तींसाठी कुत्रे तयार होऊ लागले. दाराची बेल, बाळाचं रडणं, आगीचा अलार्म वाजला की येऊन स्पर्श करायचा आणि आवाजाच्या दिशेला न्यायचं. हे ‘हिअरिंग डॉग’. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात बॉनी बर्गिन यांनी ‘कॅनाइन कंपॅनियन्स’ ही संस्था सुरू केली. तिथे व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांसाठी पडलेली वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे, दिव्याचं बटण दाबणारे कुत्रे शिकवले जाऊ लागले. अशा कुत्र्यांसाठी ‘सर्व्हिस डॉग’ हा शब्द रुळला. म्हणजे मुळात ‘सर्व्हिस डॉग’ हा गाइड डॉग आणि हिअरिंग डॉग यांचा भाऊ होता, त्यांचा बाप नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कायद्याने नेमकं हेच उलटं केलं.

एकच कुत्रा, तीन दारं

अमेरिकेत अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा मोठा कायदा १९९० चा, त्याला एडीए म्हणतात. त्याखालच्या सुरुवातीच्या नियमांत ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ची व्याख्या सैल होती : गाइड डॉग, सिग्नल डॉग किंवा अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी खास प्रशिक्षित केलेला इतर कोणताही प्राणी. त्यात माकडही बसत होतं. आणि खरोखर, हातपाय न हलवता येणाऱ्या लोकांना पाण्याचा ग्लास तोंडाशी आणून देणारी कॅपुचिन माकडं तिथे तयार केली जात होती.

न्याय खात्याने नियम बदलले. १५ मार्च २०११ पासून ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ म्हणजे फक्त कुत्रा. तोही अपंगत्वाशी थेट संबंध असलेलं काम करायला त्या व्यक्तीसाठी शिकवलेला. छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली, खांद्यापाशी साधारण २४ ते ३४ इंच उंच आणि ७० ते १०० पौंड वजनाचे. कुत्र्यापेक्षा घोडा जास्त वर्षं जगतो आणि काही लोकांना कुत्र्याची अ‍ॅलर्जी असते, म्हणून ही सोय उपयोगाची. माकडं मात्र बाहेर गेली. तेव्हा २००५ च्या पेपरमधला ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ आणि २०१५ च्या पेपरमधला ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ हे अक्षरशः वेगवेगळे प्राणी असू शकतात. माझ्या तक्त्यात दोन्ही शेजारी शेजारी बसले होते.

आता समजा, अमेरिकेतल्या एका शहरात दोन शेजारणी राहतात. दोघींनाही पीटीएसडी आहे, म्हणजे आघातानंतर होणारा ताणविकार. पहिलीच्या कुत्र्याला शिकवलंय की तिचा श्वास जोरात चालू लागला, हात थरथरू लागले की तिच्या मांडीवर दाब द्यायचा आणि तिला गर्दीतून बाहेर काढायचं. दुसरीच्या कुत्र्याला असं काही शिकवलेलं नाही. तो जवळ असला की तिला बरं वाटतं.

दोघी हॉटेलात जेवायला जातात. एडीए लागू. दारावरचा माणूस दोनच प्रश्न विचारू शकतो : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस अ‍ॅनिमल आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? कागद मागायचा नाही, आजार विचारायचा नाही. पहिली आत जाते. दुसरीने खरं उत्तर दिलं तर तिचा कुत्रा बाहेर, कारण नुसत्या असण्याने मिळणारा दिलासा हे एडीएच्या लेखी ‘काम’ नाही.

दोघी घरी येतात. इमारतीत पाळीव प्राण्यांना बंदी आहे. इथे घरांसाठीचा कायदा लागू, आणि तो पाहणाऱ्या गृहनिर्माण खात्याच्या २०१३ आणि २०२० च्या सूचनांमध्ये शब्दच वेगळा होता : ‘असिस्टन्स अ‍ॅनिमल’. त्यात शिकवलेला कुत्राही येत होता आणि भावनिक आधार देणारा, न शिकवलेला प्राणीही. त्या सूचनांप्रमाणे दोन्ही कुत्रे घरात राहू शकत होते.

मग विमान. तिथे तिसरा कायदा. पूर्वी मानसिक आरोग्याच्या डॉक्टरांचं पत्र दाखवलं की भावनिक आधाराचा प्राणीही केबिनमध्ये नेता यायचा. त्यातून काय काय विमानतळावर पोचलं ते तुम्ही वाचलं असेल. २०१८ च्या जानेवारीत नेवार्क विमानतळावर एक मोर आला होता, त्याला कंपनीने नाही म्हटलं. वाहतूक खात्याने अखेर नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून विमानासाठीही सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे प्रशिक्षित कुत्रा, आणि भावनिक आधाराच्या प्राण्यांना तो दर्जा देणं विमान कंपन्यांवर बंधनकारक राहिलं नाही. मानसिक आजारासाठी प्रशिक्षित कुत्र्याला मात्र इतर सर्व्हिस डॉगसारखंच धरायचं ठरलं.

म्हणजे दुसऱ्या शेजारणीचा कुत्रा एका तारखेला एक होता आणि दुसऱ्या तारखेला दुसरा. कुत्रा तोच, वागणूक तीच, तिला वाटणारा दिलासाही तोच, बदललं ते दार. आणि ही निव्वळ कायद्याची भानगड म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ मध्ये ‘इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल असलेल्या व्यक्ती’ असा नमुना घेतला तर त्यात विमानप्रवासासाठी चिठ्ठी काढलेले लोक असणारच. २०२२ मध्ये तोच नमुना घेतला तर त्यांचं ते कारण उरलेलं नाही. नमुन्याचं नाव सारखं, माणसं वेगळी.

शब्दांची अदलाबदल

आता मघाची भावाची आणि बापाची गोष्ट. ‘असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल’ ही प्रशिक्षण संस्थांची जागतिक संघटना आहे. तिच्या भाषेत ‘असिस्टन्स डॉग’ हा मोठा शब्द. त्याखाली तीन प्रकार : गाइड, हिअरिंग आणि सर्व्हिस. ‘सर्व्हिस डॉग’ म्हणजे अंधत्व आणि बहिरेपण सोडून इतर अपंगत्वासाठीचा कुत्रा. एडीएच्या भाषेत मात्र ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’ हाच मोठा शब्द, आणि गाइड डॉग त्याच्या पोटात. गृहनिर्माण खात्याच्या त्या सूचनांच्या भाषेत ‘असिस्टन्स अ‍ॅनिमल’ त्याहून मोठा होता, त्यात कसलंही शिक्षण नसलेली मांजरही होती.

एखाद्या पेपरमध्ये ‘आम्ही असिस्टन्स अ‍ॅनिमल असलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला’ असं वाचलं तर लेखक कोणत्या घरातून बोलतोय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. संघटनेच्या घरातून बोलत असेल तर तो दीर्घ प्रशिक्षण झालेल्या कुत्र्याबद्दल बोलतोय. दुसऱ्या घरातून बोलत असेल तर कदाचित सोफ्यावर झोपलेल्या मांजरीबद्दल.

देश बदलला की आणखी वळणं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात ‘असिस्टन्स डॉग’ची व्याख्या टॅक्सीच्या प्रकरणात आहे. त्यात अंध आणि बहिऱ्या व्यक्तींचे कुत्रे, आणि अपस्मार किंवा हालचाल, हातांचं कौशल्य, वस्तू उचलणं अशा अडचणींसाठी ठरावीक धर्मादाय संस्थांनी शिकवलेले कुत्रे येतात. मानसिक आजारासाठीच्या कुत्र्याचा तिथे नावानिशी उल्लेख नाही. ऑस्ट्रेलियाचा १९९२ चा कायदा ‘असिस्टन्स अ‍ॅनिमल’ म्हणतो, कुत्रा किंवा इतर प्राणी दोन्ही चालतात, पण अपंगत्वाचा त्रास कमी करण्याचं प्रशिक्षण, तसंच सार्वजनिक जागी शोभेल अशी स्वच्छता आणि वागणूक ही अट घालतो.

मला सगळ्यात आवडलं ते जपानचं. त्यांनी २००२ मध्ये कायदा केला आणि स्वतःच्या भाषेतले शब्द पक्के केले. मोठा शब्द ‘होजोकेन’, म्हणजे साहाय्यक कुत्रा. त्याखाली ‘मोदोकेन’ अंध व्यक्तींसाठी, ‘काइजोकेन’ शारीरिक हालचालींसाठी, ‘चोदोकेन’ ऐकण्यासाठी. तीनच. कायद्याच्या नावातच ‘शारीरिक अपंगत्व’ आहे, त्यामुळे मानसिक आजारासाठीचा कुत्रा बाहेर राहतो. ही मर्यादा आहेच. पण जपानी पेपर वाचताना निदान कोणता कुत्रा हे कळतं.

थेरपी डॉगबद्दल थोडक्यात. तो एका व्यक्तीसाठी नसतो. त्याचा मालक किंवा हँडलर त्याला घेऊन हॉस्पिटल, शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी जातो आणि तिथल्या लोकांना त्याच्या सहवासाचा फायदा होतो. त्याला सार्वजनिक ठिकाणी जाण्याचा विशेष हक्क नसतो, निमंत्रण असतं. त्यातही थेरपिस्टच्या देखरेखीखाली, उद्दिष्ट ठरवून, नोंदी ठेवून केलेलं सत्र वेगळं आणि नुसती भेट वेगळी. या क्षेत्रातल्या ‘आयाहायो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१४ च्या श्वेतपत्रिकेत हा फरक नीट मांडलाय. तरीही दोन्हींना ‘पेट थेरपी’ म्हणून मोकळे होणारे पेपर सापडतात. मी ते शेवटी बाजूलाच काढले.

काम की नुसतं असणं

एवढं सगळं वाचून मी एका ठिकाणी येऊन थांबले. नावं हजार असू देत, संशोधनाच्या दृष्टीने एक फरक बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा : प्राण्याला काही करायला शिकवलंय का, की त्याचं असणं पुरेसं आहे?

‘करायला शिकवणं’ म्हणजे काय, तेही बघू. पुष्कळांना वाटतं की गाइड डॉग सिग्नलचा रंग बघून रस्ता ओलांडतो. तसं नाही. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. कुठे जायचं आणि कधी ओलांडायचं हे माणूस ठरवतो, वाहनांच्या आवाजावरून. कुत्रा अडथळे चुकवतो, पायरीशी थांबतो. पण माणसाने ‘चल’ म्हटलं आणि समोरून गाडी येत असेल तर तो हलत नाही. याला ‘इंटेलिजंट डिसओबीडिअन्स’ म्हणतात, मी ‘शहाणा हट्ट’ म्हणते. एरवी आज्ञा पाळायची, धोका असेल तेव्हाच मोडायची, हे शिकवायला वेळ आणि कौशल्य लागतं. प्रेमळ कुत्रा आपोआप ते करत नाही.

अपस्मारातही असाच बारकावा आहे. ‘सीझर रिस्पॉन्स डॉग’ फिट आल्यावर काम करतो : भुंकून मदत बोलावतो, बटण दाबतो, माणसाजवळ थांबतो. हे शिकवता येतं, बघता येतं, मोजता येतं. ‘सीझर अ‍ॅलर्ट डॉग’ फिट येण्याआधी इशारा देतो असं म्हणतात. हा दावा वेगळ्या जातीचा आहे. त्यासाठी कुत्र्याने किती वेळा बरोबर इशारा दिला, किती वेळा उगाच दिला, आणि इशारा न देता किती फिट येऊन गेल्या, हे सगळं मोजावं लागेल. फिट आलेल्या दिवशीचा इशारा आठवतो, फिट न आलेल्या दिवशीचा विसरला जातो. म्हणून नुसत्या आठवणींवर भरलेली प्रश्नावली इथे चालत नाही. दोघांना ‘सीझर डॉग’ म्हणून एकत्र केलं की पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. हे मुद्दाम कोणी करत नाही. शब्द करतो.

ज्या अभ्यासाने मला हे शिकवलं

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांवर एक अभ्यास केला. आधीचा प्रयत्न कुत्रे चावण्याच्या घटना आणि इतर अडचणींमुळे थांबवावा लागला होता, मग नवा आराखडा करून तो पुन्हा सुरू झाला. प्रश्न सरळ होता : सर्व्हिस डॉगमुळे फरक पडतो का?

आता थांबा आणि विचार करा. तुम्ही नियंत्रित गटाला काय द्याल? काहीच नाही दिलं आणि कुत्र्याच्या गटात सुधारणा दिसली तर ती शिकवलेल्या कामामुळे की घरात कुत्रा आला म्हणून? रोज दोनदा फिरायला जावं लागतं, शेजारी बोलायला लागतात, रात्री कोणीतरी सोबत असतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या गटालाही कुत्रा दिला, पण भावनिक आधाराचा. यादृच्छिक पद्धतीने २२७ जणांची विभागणी झाली, त्यांतल्या १८१ जणांना प्रत्यक्ष कुत्रे मिळाले. दोन्ही गटांचे कुत्रे चांगल्या वळणाचे, आज्ञाधारकपणाची चाचणी पास झालेले. सर्व्हिस डॉगना त्यावर ठरावीक पाच कामं शिकवलेली : दिवा लावणं, खोलीत आधी फिरून येणं, वस्तू आणणं, माणसाच्या पुढे उभं राहून अंतर राखणं, आणि पाठीमागे उभं राहणं.

शब्दांतला फरक इथे प्रयोगाची रचनाच झाला, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं. ‘सर्व्हिस’ आणि ‘इमोशनल सपोर्ट’ ही दोन लेबलं नव्हती, स्वतंत्र चलाची दोन मूल्यं होती.

निष्कर्ष? मुख्य मोजमापं होती रोजच्या कामकाजातली अडचण आणि जीवनमान. त्यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. पीटीएसडीच्या लक्षणांची पीसीएल-५ ही मोजपट्टी ० ते ८० गुणांची आहे. तिच्यावर सर्व्हिस डॉगच्या गटात सुधारणा सरासरी ३.७ गुणांनी जास्त होती. आत्महत्येचे विचार आणि वर्तनही १८ महिन्यांच्या टप्प्यावर त्या गटात कमी आढळलं.

यावर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचे मथळे लिहिता येतात : ‘सर्व्हिस डॉगचा उपयोग नाही’ किंवा ‘सर्व्हिस डॉगचा उपयोग सिद्ध’. दोन्ही चुकीचे. कुत्रा विरुद्ध कुत्रा नाही, अशी तुलना इथे झालेलीच नाही. तुलना झाली ती काम शिकवलेला कुत्रा विरुद्ध न शिकवलेला कुत्रा अशी. माझा स्वतःचा आक्षेप आणखी एक आहे. सर्व्हिस डॉग दुकानात, हॉटेलात, बसमध्ये बरोबर जाऊ शकतो, आधाराचा कुत्रा जाऊ शकत नाही. म्हणजे दोन गटांत दोन फरक होते, शिकवलेली कामं आणि सार्वजनिक प्रवेश. ३.७ गुणांचा फरक पाच कामांमुळे आला की कुत्रा बाजारात सोबत आला म्हणून आला, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही. अभ्यास कमकुवत आहे असं नाही म्हणायचं मला. शब्दाच्या आत दोन गोष्टी लपल्या असतील तर उत्तम प्रयोगातही त्या एकत्रच बाहेर येतात.

शब्द दुरुस्त करायचे प्रयत्न

संशोधक गप्प बसलेले नाहीत. २०१३ मध्ये पॅरेंटी आणि सहकाऱ्यांनी पुनर्वसन संशोधनाच्या एका जर्नलमध्ये साहाय्यक प्राण्यांचं सुधारित वर्गीकरण मांडलं. प्राण्याच्या नावापेक्षा तो कोणासाठी आणि काय काम करतो, त्यावरून गट पाडायचे, अशी त्याची दिशा. नंतर मानव-प्राणी संबंधांच्या अभ्यासकांच्या आयएसएझेड या संस्थेच्या २०१८ आणि २०२० च्या परिषदांमध्ये शंभराहून जास्त लोकांनी कार्यशाळांमधून नऊ संज्ञांच्या व्याख्या घासूनपुसून घेतल्या. हॉवेल आणि इतर अनेकांच्या नावाने तो पेपर २०२२ मध्ये ‘अ‍ॅनिमल्स’ जर्नलमध्ये आला. त्यांनी दोन संज्ञा हळूहळू बंद कराव्यात असं सुचवलं : ‘स्किल्ड कंपॅनियन अ‍ॅनिमल’ आणि चक्क ‘सर्व्हिस अ‍ॅनिमल’. दुसऱ्या शब्दांशी त्या फार गुंततात म्हणून.

सूचना मला पटते, पण अमेरिकेच्या कायद्यात जो शब्द बसलाय तो जर्नलच्या सांगण्यावरून उठेल असं वाटत नाही. लोकांना हक्क त्या शब्दावर मिळतात. संशोधकाला गोंधळात टाकणारा शब्द एखाद्या व्हीलचेअरवरच्या माणसाला दुकानाचं दार उघडून देत असेल तर तो बदला असं सांगणारे आपण कोण? त्यामुळे जगाने शब्द बदलेपर्यंत प्रत्येक पेपरमध्ये आपली कार्यात्मक व्याख्या आपणच लिहायची.

मराठीत आणताना

माझ्या मुलाखती मराठीत होणार होत्या, म्हणून प्रश्नावलीही मराठीत हवी होती. इथे नवीच गंमत सुरू झाली. ‘सर्व्हिस डॉग’चं ‘सेवा श्वान’ केलं. पहिल्याच काकांनी विचारलं, “पोलिसांतला का?” श्वान म्हटलं की आपल्याकडे श्वानपथकच आठवतं. ‘सपोर्ट अ‍ॅनिमल’साठी ‘आधार प्राणी’ लिहिलं तर मैत्रीण म्हणाली, “कार्ड लिंक केलंय का त्याचं?” हसून झालं, शब्द खोडला.

खरी चूक तिसऱ्या ठिकाणी होती. मी प्रश्न लिहिला होता : ‘तुमच्याकडे भावनिक आधार देणारा प्राणी आहे का?’ चाचणीसाठी ओळखीच्या लोकांना दिला. ज्यांच्याकडे प्राणी होता त्या जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’वर खूण केली. एका आजींनी तर गोठ्यातल्या म्हशीचं नाव लिहिलं. त्यांचं अजिबात चुकलं नव्हतं. म्हैस त्यांना आधार देतच असणार, तोही दोन्ही अर्थांनी. इंग्रजीत हा शब्द निदान काही ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी, इमारतीचे नियम यांना बांधलेला आहे. आपल्याकडे अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकारची अपंगत्वं नोंदवतो, पण त्याच्या व्याख्यांच्या कलमात साहाय्यक प्राणी नाही. मागे कायदा नसलेला शब्द मी भाषांतर करून ठेवला होता आणि त्याने काहीच मोजलं जात नव्हतं.

आता प्रश्नावलीत एकही संज्ञा नाही. त्याऐवजी साधे प्रश्न आहेत. घरात कोणता प्राणी आहे? तुमच्या अडचणीत तो काही विशिष्ट गोष्ट करतो का, कोणती? ती त्याला कोणी शिकवली, की तो आपणहून करतो? तो घराबाहेर कुठे कुठे तुमच्याबरोबर येतो, आणि कुठे येऊ देत नाहीत? वर्गीकरण नंतर मी करते, उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावर टाकत नाही. लिखाणात मात्र मला शब्द लागतातच. गाइड डॉगसाठी मी ‘वाटाड्या कुत्रा’ वापरते. सरांना तो जरा गावठी वाटतो. मला वाटतं, डोंगरात वाट दाखवणाऱ्या माणसासाठी जो शब्द आपल्याकडे आधीच आहे तो सोडून ‘मार्गदर्शक श्वान’ कशाला? मार्गदर्शक म्हटलं की मला तर गाइडच्या केबिनमध्ये उभं असल्यासारखं वाटतं.

तक्ता नव्याने केला. लेखकाच्या शब्दासाठी एक रकाना ठेवला, तो शब्द जसाच्या तसा. शेजारी रकाने : प्राणी कोणता, एका व्यक्तीसाठी की अनेकांसाठी, शिकवलेलं काम कोणतं, कोणी शिकवलं, सार्वजनिक प्रवेश होता का, माहिती गोळा केली तेव्हा तिथे कोणता नियम लागू होता, आणि तुलना कशाशी केली. जुन्या तक्त्यातले बरेच पेपर त्यात बसले नाहीत, ते काढले. ‘एकवाक्यता आढळत नाही’ हे वाक्यही गेलं. त्याजागी तीन लहान विधानं आली, प्रत्येक एका प्रकारच्या प्राण्याबद्दल. प्रकरण निम्म्याने बारीक झालं आणि पहिल्या फेरीत पास झालं.

तीन ओळींत ‘शिकवलेलं काम’ हा रकाना अजून रिकामा आहे. पेपरमध्ये नुसतंच ‘डॉग’ लिहिलंय. तिघांनाही ईमेल पाठवला. एकाचं उत्तर आलं : क्षमस्व, ही नोंद आमच्याकडेही नाही.